घरशाळा हवी, नवे सोवळे नको

मेकॉलेच्या नावाने बोटे मोडण्यात आपल्या मध्यमवर्गीय मराठी घरांचा हात कोणी धरू शकणार नाही. इंग्रजांनी कारकून घडवणारी शिक्षणपद्धती लादली, देशी पाठशाळा मोडीत काढल्या, मातृभाषा मागे ढकलली, हे सारे आपल्याला तोंडपाठ असते. आणि जून उजाडला की त्याच घरातील चार वर्षांचे मूल गळ्यात टाय अडकवून पिवळ्या बसमध्ये चढते. या विसंगतीचा वीट आलेली काही तरुण जोडपी आता पुढचे पाऊल टाकू लागली आहेत. ती मुलाला शाळेत घालतच नाहीत, किंवा घातलेल्या मुलाला दुसरी-तिसरीतून काढून घेतात आणि घरीच शिकवतात. ज्याला होमस्कूलिंग म्हणतात, ते हेच. आपण त्याला घरशिक्षण म्हणू.

मावळात परंदवडी, सोमाटणे, तळेगाव या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत भाताच्या खाचरांशेजारी गृहसंकुले उभी राहिली. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत आणि हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत काम करणारी, शहराच्या गोंगाटापासून दूर राहू पाहणारी शिकलेली कुटुंबे तेथे आली. घरशिक्षणाचा विचार करणारे पालक याच वर्गातले असतात. त्यांना वेड्यात काढणाऱ्यांची बाजू प्रस्तुत लेखकाला घ्यायची नाही. मुलाला स्वतः शिकवावे असे वाटणे यात गैर ते काय? उलट ज्या समाजात आई-बापांना मुलांशी दिवसाकाठी अर्धा तास बोलायला सवड नाही, तेथे असे वाटणारे पालक निघावेत ही आनंदाचीच गोष्ट. प्रश्न वेगळा आहे, आणि तो थोडा बोचणारा आहे. आपण मुलाला शाळेपासून दूर नेतो आहोत की शेजाऱ्यापासून?

आधी कायद्याचे बोलू, कारण नातेवाइकांचा पहिला हल्ला तेथूनच येतो. ‘पोलीस धरून नेतील’ इथपर्यंत काकामंडळींची मजल जाते. वस्तुस्थिती अशी की, २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षणाची संधी मिळवून देणे हे पालकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. तेथे शब्द ‘शिक्षण’ असा आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या दहाव्या कलमात मात्र मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य सांगितले आहे. ‘शिक्षण’ आणि ‘शाळा’ या दोन शब्दांतील फटीत आजचे घरशिक्षण उभे आहे. हे कर्तव्य न पाळणाऱ्या पालकाला या कायद्यात कोणतीही शिक्षा सांगितलेली नाही. दंड आहे तो मान्यतेवाचून शाळा चालवणाऱ्याला. म्हणून चार घरांनी मिळून मुले एकत्र शिकवताना फलक लावून, शुल्क घेऊन शाळेचे सोंग आणू नये. घरशिक्षणाला परवानगी देणारे किंवा बंदी घालणारे वेगळे कलम कायद्यात नाही. जर्मनीसारख्या देशात शाळा टाळता येत नाही, इंग्लंडमध्ये १९४४ पासून कायदाच ‘शाळेत किंवा अन्य मार्गाने’ शिकवण्याची मुभा देतो, अमेरिकेत सर्व राज्यांत ते चालते. आपल्याकडे सरकारने या विषयावर मौन पाळले आहे, आणि समंजस पालकाने त्या मौनाचा लाभ घ्यावा, पण मस्तीने नव्हे.

आता मूळ मुद्दा. घरशिक्षणाचे समर्थन करताना आपली परंपरा पुढे केली जाते. ठीक आहे, परंपरेकडेच जाऊ. सावित्रीबाई फुले यांना अक्षरओळख घरात झाली, जोतिरावांकडून. रमाबाई रानडे १८७३ मध्ये लग्न होऊन सासरी आल्या तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. न्यायमूर्तींनी त्यांना घरी शिकवले, आणि तेही घरातील बायकांचे टोमणे पत्नीला रोज सोसावे लागत असताना. आनंदीबाई जोशी गोपाळरावांच्या हाताखाली शिकल्या. ही आपली घरशिक्षणाची खरी उदाहरणे. आणि या स्त्रियांनी पुढे काय केले? सावित्रीबाई १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींना शिकवायला उभ्या राहिल्या. रमाबाईंच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झाले. आनंदीबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन आल्या, त्या इथल्या स्त्रियांवर उपचार करण्यासाठी; अल्पायुष्यामुळे ते राहून गेले, ही गोष्ट वेगळी. घरात मिळालेली विद्या यांच्यापैकी एकीनेही घरात ठेवली नाही.

दुसरे उदाहरण तर परंदवडीच्या शेजारचेच. तळेगाव दाभाडे येथील समर्थ विद्यालय हे स्वदेशीच्या काळातील राष्ट्रीय शिक्षणाचे एक मोठे केंद्र. विष्णु गोविंद विजापूरकर यांनी ते उभे केले, लोकमान्यांचा त्याला आशीर्वाद होता. याच तळेगावात १९०८ मध्ये पैसा पैसा गोळा करून उभारलेल्या पैसाफंडाचा काच कारखाना निघाला. १९१० मध्ये सरकारने विद्यालय बंद पाडले. सरकारी शिक्षण ज्यांना खरोखर नकोसे झाले होते, ज्यांनी त्यासाठी तुरुंगही पाहिला, त्या माणसांनी आपली मुले घरात बसवली नाहीत. त्यांनी दुसऱ्यांच्याही मुलांसाठी शाळा काढली. सरकारी शाळेला नकार देण्याची मावळातील रीत ही अशी होती. आजच्या गृहसंकुलातील नकार त्या जातीचा आहे काय, हे ज्याचे त्याने तपासावे.

शाळेबद्दलच्या तक्रारी खोट्या नाहीत. दप्तराचे ओझे, गुणांची शर्यत, शुल्काचे आकडे, शिकवणीवर शिकवणी, हे सगळे आपण भोगतो. पण परंदवडीसारख्या गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेच्या बाकावर एक गोष्ट घडते, जी कोणत्याही दिवाणखान्यात घडत नाही. शेतकऱ्याचे मूल, कंपनीच्या कंत्राटी कामगाराचे मूल, ठाकर-कातकरी वाडीवरचे मूल आणि बाहेरून आलेल्या अभियंत्याचे मूल, असली तर ही चौघे तेथे एकाच पंक्तीत बसून खिचडी खातात. समरसतेवर आपण परिसंवाद घेतो. त्या पंक्तीत ती रोज दुपारी जेवते. मूल घरी ठेवताना आपण त्या पंक्तीतून त्याला उठवतो, हे पालकाने स्वतःशी कबूल केलेच पाहिजे. पूर्वी सोवळे धाबळीने पाळत. आता ते अभ्यासक्रमाच्या निवडीने पाळले जाऊ नये, एवढेच म्हणणे आहे. (हेच परखडपणे दीड लाख रुपये शुल्काच्या शाळांनाही लागू आहे. पण त्या शाळांत मुले घालणारे निदान परंपरेचे नाव तरी घेत नाहीत.)

सरकारी कागदपत्रांत एक विलक्षण शब्द आहे: शाळाबाह्य. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण झाले होते, त्यानंतरही अशा मोहिमा होत आल्या. वीटभट्टीवर आई-बापांसोबत फिरणारे कातकऱ्याचे मूल शाळाबाह्य, आणि सातव्या मजल्यावर दुर्बीण घेऊन ग्रह पाहणारे आपले मूलही त्याच व्याख्येने शाळाबाह्य. एकाच्या घरात शिक्षण नाही म्हणून त्याला शाळा हवी. दुसऱ्याच्या घरात ते इतके आहे की त्याला शाळा नको. चिंचवडला गिरीश प्रभुणे यांनी २००६ मध्ये सुरू केलेले पुनरुत्थान समरसता गुरुकुलम् पालकांनी एकदा मुलांसह जरूर पाहावे. पारधी आणि अन्य भटक्या-विमुक्त समाजांची मुले तेथे पुस्तकाइतकीच हाताने शिकतात. घरशिक्षणाचे पुरस्कर्ते ज्या ‘करून शिकण्या’विषयी इंग्रजी ग्रंथ मागवून वाचतात, ते परंदवडीहून तासाभराच्या अंतरावर चालू आहे, आणि ज्यांना घरच नीट लाभले नाही त्यांच्यासाठी चालू आहे.

तेव्हा ज्यांना घरशिक्षण करायचेच आहे, त्यांनी ते अवश्य करावे. पण कसे, ते सांगायला हवे, कारण उत्साह पुष्कळ आणि तयारी थोडी असे चित्र दिसते.

पहिली गोष्ट भाषेची. शाळा सोडली आणि अमेरिकेचा अभ्यासक्रम डॉलर मोजून घरी आणला, तर मेकॉलेचा पराभव झाला असे समजू नये. तो तुमच्या दिवाणखान्यात येऊन बसला. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व शाळांना मराठी शिकवणे सक्तीचे झाले. घराला सक्ती कोण करणार? २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले, पण घरशिक्षण घेणारे मूल मराठीत पानभर पत्र लिहू शकते का, ही खरी कसोटी. साधनांची टंचाई नाही. बालभारतीची सर्व इयत्तांची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संगणकावर वाचता येतात. एकेका अंकात पंधरा दिवसांचा अभ्यास आहे. सहा ते दहा वर्षांपर्यंत गणित, परिसर, इतिहास हे सारे मराठीतून शिकवावे, इंग्रजी ही भाषा म्हणून रोज थोडी शिकवावी. इंग्रजीला घाबरून तिच्यात बुडी मारण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. घरात आठ तासिका घेणारे पालक सहा महिन्यांत थकतात आणि मुलाला त्याहून आधी कंटाळा येतो. एकटे मूल समोर असताना लेखन, वाचन आणि गणित यांना सकाळचे दोन-अडीच तास पुरतात. उरलेला दिवस मोकळा नव्हे, तो कामाचा. आणि मावळात राहणाऱ्याला कामाची काय वाण? लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून लोहमार्गाने तीस किलोमीटरवर तळेगाव. तेथे येईपर्यंत तो कितीतरी उतरलेला असतो. सज्जात सरळ उभ्या बाजूंचे भांडे आणि पट्टी ठेवून जून ते सप्टेंबर रोज सकाळी आठ वाजता पाऊस मोजायचा, वहीत लिहायचा, लोणावळ्याचा आकडा वर्तमानपत्रातून घेऊन शेजारी मांडायचा. चार महिन्यांत सरासरी, आलेख, दशांश अपूर्णांक आणि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेचा भूगोल एकाच वहीत येतो. ही वही कोणत्याही प्रकल्पाच्या चकचकीत फायलीपेक्षा मोलाची.

त्याच खाचरात इंद्रायणी भात उभा असतो. आपल्या इमारतीखालची जमीन कालपर्यंत ज्याची होती, त्या शेतकऱ्याकडे मुलाला आवणीच्या दिवशी चिखलात उतरवावे, त्याची परवानगी घेऊन आणि पूर्ण दिवस. गुंठा म्हणजे काय, एकराचे गुंठे किती, रोपे किती अंतरावर लावतात, मजुरी काय पडते, तांदूळ किलोमागे काय भावाने जातो, हे मुलाने त्याच्याकडून ऐकून हिशेब मांडावा. त्यात चुकले तर तो शेतकरी दुरुस्त करील, आणि ते दुरुस्त करणे हेच शेजारपण.

इतिहासासाठी तर दुसरा तालुका शोधावा लागणार नाही. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे किल्ले. तळेगावात सरसेनापती दाभाडे घराण्याच्या खुणा. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मीत कोरलेली आहेत. वैजयंतीहून आलेला श्रेष्ठी तेथे आहे, धेनुकाकटचे यवनही आहेत. बारा वर्षांच्या मुलाला ब्राह्मीची अक्षरे महिनाभरात ओळखता येतात, आणि दोन हजार वर्षांपूर्वी या घाटातून कोण कोण ये-जा करत होते हे त्याला स्वतः वाचून कळते. लोहगडाचा जुलै २०२५ मध्ये अकरा अन्य किल्ल्यांसह जागतिक वारसा यादीत समावेश झाला. आपण तेथे पावसाळ्यात भजी खायला जातो. एक रविवार विंचूकाट्याची लांबी पावलांनी मोजायला जावे.

तिसरी गोष्ट वडिलांची, आणि ही सर्वांत अवघड. घरशिक्षण हा शब्द फार गोड आहे. व्यवहारात त्याचा अर्थ बहुधा ‘आईने नोकरी सोडली’ असा होतो. स्वयंपाक, सासू-सासरे, मुलाचा अभ्यास आणि वर ‘तू घरीच असतेस’ हे ऐकणे, असा तो संसार होतो. कुटुंबसंस्थेचे गोडवे गाणाऱ्या आपल्या परिवारांतही हे सर्रास चालते, हे सांगायला संकोच का करावा? घरी शिकवण्याचा निर्णय दोघांचा असेल तर आठवड्याचे निदान दोन विषय वडिलांच्या नावावर हवेत, आणि वेळापत्रकात लिहिलेले हवेत. ज्या घरात ते शक्य नाही त्या घराने मुलाला शाळेत घालावे. त्यात कमीपणा नाही. आजी-आजोबा हे घरशिक्षणाचे मोठे धन आहे, परंतु त्यांना फुकटचे शिक्षक समजू नये.

चौथी गोष्ट कागदांची. येथे स्वप्नाळू पालक हमखास फसतात. मुंबईच्या एका मुलीचे उदाहरण २०१६ मध्ये गाजले. दादरच्या शाळेतून सातवीच्या सुमारास तिला आईने काढले, आईने त्यासाठी आपले काम सोडले, मुलगी संगणकाच्या आज्ञावली लिहिण्यात रमली आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिने तीन पदके मिळवली. अमेरिकेच्या एमआयटीने तिला शिष्यवृत्ती देऊन प्रवेश दिला. आपल्या आयआयटीचे दार तिला बंद होते, कारण तिच्याकडे बारावीचे प्रमाणपत्र नव्हते. चेन्नईच्या गणित संस्थेने तेवढी गुणग्राहकता दाखवली होती. नियमाचा हा ताठरपणा टीकेस पात्रच आहे. पण आपल्या मुलाला आंतरराष्ट्रीय पदक मिळेलच असे धरून चालणाऱ्या पालकाला काय म्हणावे? हजारात नऊशे नव्याण्णव मुलांना तो कागद लागणारच.

तो मिळवण्याचे मार्ग आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हा सर्वांत सोपा. तिसरी, पाचवी आणि आठवी यांना समकक्ष असे तिचे तीन स्तर आहेत. दहावीसाठी वयाची चौदा वर्षे पूर्ण हवीत. शाळेचा दाखला नसेल तर अभ्यास पुरेसा झाल्याचे स्वयंघोषणापत्र चालते. पाच विषय घ्यायचे, एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षे टिकते, एकेक विषय सवडीने देता येतो, दहावीला मराठी माध्यमही आहे. पुण्यात तिचे विभागीय केंद्र आहे. भारतीय ज्ञानपरंपरेचे, वेद, योग आणि संस्कृतचे पाठ्यक्रमही तिने काढले आहेत. राज्याचेही मुक्त विद्यालय मंडळ आहे. पाचवी, आठवी, दहावी आणि बारावीच्या परीक्षा ते घेते. नेहमीच्या मंडळाकडे सतरा नंबरचा अर्ज भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसता येते, पण त्याला पूर्वी शाळेत शिकल्याचा पुरावा लागतो. मुक्त विद्यालयाच्या मुलांना वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतून वगळणारा नियम २०१८ मध्ये आला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी मे महिन्यात रद्द केला. तरीही ज्या क्षेत्रात जायचे त्याचे प्रवेशनियम मूल बारा वर्षांचे असतानाच वाचून ठेवावेत.

आणखी एक बारीक गोष्ट, जी पुस्तकांत नसते. आपल्या राज्यात जन्मतारीख, जात, जन्मस्थळ या साऱ्यांचा पुरावा म्हणून शाळेच्या दाखलखारीज नोंदवहीतील एक ओळ शोधली जाते. जात-पडताळणीसाठी आजोबांच्या शाळेचा दाखला शोधत तालुक्याच्या गावी हेलपाटे घालणारी कुटुंबे आपण पाहतो. कधीच शाळेत न गेलेल्या मुलाच्या नावावर ती ओळ नसते. पुढे त्याला किंवा त्याच्या मुलांना तिची गरज पडू शकते. म्हणून पहिलीचे एखादे वर्ष तरी गावच्या शाळेत काढावे, आणि नंतर रीतसर दाखला घेऊन मूल घरी आणावे. त्या वर्षात त्याला गावातले दहा-पंधरा मित्रही मिळतील, आणि तेच पुढे संध्याकाळी मैदानावर भेटतील. शाखेचे मैदान असो, तालीम असो, देवळातील भजनाची बैठक असो, दररोज दीड तास मुलाने अशा मुलांत घालवलाच पाहिजे, जी आई-बापांनी निवडलेली नाहीत. केवळ घरशिक्षणवाल्या पाच कुटुंबांच्या मुलांनी रविवारी मोटारीने एकत्र जमणे हा त्याला पर्याय नाही.

आणि प्रयोग फसला तर? मूल कोमेजले, आई खचली, वडिलांची बदली झाली, तर शिक्षण हक्क कायद्याचे चौथे कलम आहेच. कधीच शाळेत न गेलेल्या किंवा मध्येच सोडलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश देणे शाळेवर बंधनकारक आहे, मागे पडलेले भरून काढण्यासाठी विशेष शिकवणीसह. हे कलम वीटभट्टीवरच्या मुलासाठी लिहिले गेले. आपल्याही मुलाला ते लागू पडते.

सर्वेक्षणाला गावच्या शाळेच्या बाई दारात येतील, तेव्हा त्यांच्याशी कलमांचा वाद घालू नये. त्यांना घरात बोलवावे, पाणी-चहा द्यावा, पावसाची वही दाखवावी. मग त्यांच्या यादीतील वीटभट्टीवरची मुले किती, ती कोठे राहतात आणि आपल्या घरची दोन माणसे शनिवारी तेथे शिकवायला आली तर चालेल का, हे विचारून घ्यावे.